दान दिलेला नकाशा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे हे नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला. त्यांच्या लेखी मी नकाशे काढते. नकाशा म्हणजे कागदावर चार रेघा, आणि रेघा मारायचे पैसे कसले? धामणगाव रेल्वेच्या माझ्या मावसभावानं तर एका लग्नात, जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालावर आपला प्लॉट काढून माझ्यासमोर धरला होता. "ताई, खांब कुठी कुठी येतीन तेवढ्या टिकल्या मारून दे फक्त." मी म्हटलं, "जमीन पाहिली नाही, माती पाहिली नाही, टिकल्या कुठं मारू? तुझ्या कपाळावर?" तो दुखावला. "घरची हाय म्हणून बोललो. नाईतं बाहेर काय इंजिनेर कमी हायत?" बाहेरचे इंजिनिअर पैसे मागतात, एवढाच त्यांचा दोष होता. तो कागद मी हात पुसायला वापरला, आणि मावशी माझ्याशी वर्षभर बोलली नाही.

इमारत दिसावी कशी हे दुसरे ठरवतात, ती उभी राहावी कशी हे मी ठरवते. खांब किती जाड, बीम किती खोल, त्यात लोखंड किती, पायवा किती खाली न्यायचा. आमच्या वऱ्हाडात हा शेवटचा प्रश्न फार छळतो, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर आपल्यासोबत हलवते. या कामाची सगळ्यात वाईट गोष्ट ही, की चूक झाली तरी ती लगेच दिसत नाही. डॉक्टरचं चुकलं तर पेशंट कण्हतो तरी. चुकलेली इमारत रंग लावून छान उभी असते आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात.

अमरावतीत माझं छोटं ऑफिस आहे. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, जुन्या वर्गमैत्रिणींच्या नवऱ्यांना नाही म्हणायला मी हळूहळू शिकले. आधी घाम फुटायचा, मग सवय झाली. पण अकोल्याच्या आमच्या वस्तीतल्या विहाराला नाही म्हणायची वेळ कधी येईल असं मला वाटलंच नव्हतं.

त्या विहारात मी शिकले. तेव्हा ती टिनाचं छप्पर असलेली एक लांबट खोली होती. आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून वंदना संपली की मी आणि आणखी काही पोरं तिथंच सतरंजीवर वह्या उघडून बसायचो. इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा कमिटीनं माझा सत्कार केला. वर्गणी काढून नकाशे काढायचा ड्राफ्टर आणि कॅल्क्युलेटर घेऊन दिला. ज्या बायांनी माझ्या गळ्यात हार घातले त्यातल्या कितीतरी जणी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायच्या. माझे वडील तोवर गेले होते आणि आई एका शाळेत आया होती. ते ऋण होतं आणि आहे. मी ते कधी नाकारलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं वस्तीनं माझ्याबद्दल उलटंच ठरवलं.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे सर. निवृत्त हेडमास्तर. मला गणित त्यांनीच शिकवलं. एका सकाळी ते गाडीनं बडनेऱ्याला उतरून, ऑटो करून थेट माझ्या ऑफिसात आले. हातात जागेच्या मोजणीचा कागद आणि आईनं दिलेला कुरडयांचा डबा. खुर्चीवर नीट टेकलेही नाहीत.

"बेटा, टिनाचं विहार पाडून पक्कं करून राहिलो. खाली वंदनेचं सभागृह, वर पोरायसाठी अभ्यासिका. नकाशा तुह्याच हातचा पायजे."

मी हो म्हटलं. फीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

"कोणी रेती देऊन राहिलं, कोणी सिमेंट," निघताना ते म्हणाले. "तुहं दान म्हणजे हा नकाशा."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. रेती कोणीही देईल, हे मीच देऊ शकत होते.

काम मी मन लावून केलं. पैसेवाल्या क्लायंटसाठी करते त्यापेक्षा जास्तच. रविवारी अकोल्याला जाऊन खड्डे खणवले, मुरूम कुठं लागतो ते पाहिलं. सभागृह रुंद होतं आणि वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं येणार होती. म्हणून एक खांब सभागृहाच्या मधोमध येत होता. तो खटकणार हे मला ठाऊक होतं. सरांना समोर बसवून मी समजावलं, की हा काढायचा असेल तर बीम खूप खोल करावा लागेल, पायवा बदलावा लागेल, लोखंड वाढेल, सगळा हिशोब नव्यानं करावा लागेल. तो मी करून देईन, पण मला सांगा. काहीही बदलायचं असेल तर आधी मला फोन करा.

"करीन ना बेटा," सर म्हणाले.

मग फोन आलाच नाही. पायवा भरला, भिंती वर आल्या, आई अधूनमधून सांगायची. माझ्याकडं दुसरी कामं होती. सगळं नकाशाप्रमाणं चाललं असेल म्हणून फोन नसेल, असं मी धरून चालले. उन्हं तापायला लागली होती तेव्हा आईचा फोन आला. "रविवारी सलाब हाय. येजो."

आमच्या वस्तीत स्लॅब म्हणजे सणच असतो. मी पोचले तेव्हा मिक्सर घरघरत होता. गच्चीपर्यंत लाकडी उतार बांधला होता आणि त्यावर बायांची रांग लागली होती, डोक्यावर चुंबळ, हातात घमेलं. मजूर होतेच, पण बाकी सगळं श्रमदान. बाजूला मोठ्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते. रांगेत पहिलीच माझी आई. साठी उलटलेली बाई, पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून उभी. मला पाहून तिनं घमेलं उंचावून दाखवलं.

मी सवयीनं आधी खाली गेले. फळ्यांना आधार दिलेल्या बल्ल्यांच्या दाटीतून वाकून मधोमध आले आणि उभीच राहिले. तिथं खांब नव्हता. पायव्यातून वर आलेलं लोखंड कापून टाकलं होतं आणि त्याच्यावर कोबा घालून जागा गुळगुळीत केली होती. मी वर बीमकडं पाहिलं. तो मी काढलेलाच होता, खांबाच्या भरवशावर काढलेला, तेवढाच.

ठेकेदाराला बोलावलं. तो वस्तीतलाच, ठरवून पैसे घेऊन काम करणारा. "मॅडम, खांब मूर्तीच्या म्होरं येत होता," तो म्हणाला. "मागं बसलेल्याले मूर्तीच दिसत नव्हती. कमिटीनं काढाले लावला. मी बीममंदी दोन सळ्या जास्तीच्या टाकल्या ना."

दोन सळ्या! जसं भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वरून चिमूटभर टाकावं. माझं डोकं फिरलं. मी तशीच बाहेर येऊन सरांसमोर उभी राहिले आणि विचारलं, "सर, मला फोन का नाही केला?"

सर गोरेमोरे झाले. बाजूला घेऊन, आवाज खाली करून ते जे बोलले, त्यानं मला जितकं लागलं तितकं नंतरच्या भांडणानंही नाही लागलं.

"बेटा, तू एक रुपया घेऊन नाई राहिली. तुले घडीघडी कायले तरास द्याचा? दोन बाया म्हणेत, विचारा तिले. मीच म्हटलं, पोरीनं देलं तेवढं लय झालं, आता तिले काई सांगू नका."

म्हणजे त्यांनी माझी काळजी घेतली होती. माझे पैसे देणारे लोक मला जेवताना फोन करतात. न्हाणीचं दार डावीकडं सरकवू का, जिन्याखाली देव्हारा बसेल का. चिडते मी, पण त्यांच्या घरात माझ्या नकळत एक वीटही हलत नाही. सरांनी फी दिली असती तर हक्कानं दहादा फोन केला असता. फुकट घेतलं म्हणून त्यांना संकोच वाटला, आणि त्या संकोचापायी खांब गेला. यात कोणाला वाईट म्हणू, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मी म्हटलं, "स्लॅब थांबवा. मला आठवडाभर द्या, मी उपाय काढून देते."

मिक्सर थांबला. रांग विस्कटली. बाया उतारावरून खाली आल्या, पुरुष चुलीपासून उठले. सिमेंट भिजलं होतं, मिक्सर भाड्याचा होता, लोकांनी कामं बुडवली होती, आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या आत सभागृह उभं करायचं होतं. सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी हात वर केला तेव्हा गप्प झाले. शाळेतही असंच व्हायचं.

"बेटा," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू नकाशा दान देला. दान देल्यावर ते देणाऱ्याचं राह्यत नाई. घेणारा त्याचं काय करते हे देणाऱ्यानं पाहू नये. आपल्याले हेच तं शिकवलं हाय."

"रेतीचं दान आणि नकाशाचं दान एक नाही, सर."

"काहून नाई वो?" हे सर नव्हते. आमच्या शेजारची मावशी होती, कमरेवर घमेलं टेकवून उभी. "मी आज घरकामाले खाडा मारून आली. मालकीण पैसे कापते. मी नाई म्हणून राहिली, का माह्या घमेल्यातला माल कुठी टाकला ते दाखवा म्हणून. तुहं शिक्षण मोठं म्हणून तुहं दानबी मोठं काय?"

लोक हसले. उत्तर होतं, पण ते गाडीत बसल्यावर सुचलं. मावशीचं काम संध्याकाळी हात धुतले की संपणार होतं, माझं ती इमारत उभी असेपर्यंत संपणार नव्हतं. तरी खरं सांगू? मावशीच्या तोंडावर हे बोलायची माझी हिंमत झाली असती असं वाटत नाही. तिचा दिवसाचा पगार गेला होता. माझे तर रविवारच गेले होते.

तेवढ्यात आई पुढं आली. तिनं विचारलं, "पडन काय?"

सगळे माझ्या तोंडाकडं पाहायला लागले. मी हो म्हटलं असतं तर त्या क्षणी काम थांबलं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि माझा धंदा खोटं बोलण्याचा नाही.

"आज नाही पडणार," मी म्हटलं. "वर कपाटं आली, पोरं आली, की काय होईल सांगता येत नाही. पडणारही नाही कदाचित. पण भरवसा नाही."

"मंग तू सांगून काय राहिली?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळलं नव्हतं. पुन्हा लोक हसले. मिक्सर सुरू झाला. आईनं चुंबळ नीट केली, घमेलं उचललं आणि ती उतारावर चढायला लागली.

मी निघून गेले नाही. दिवसभर खाली बल्ल्यांमध्ये फिरत राहिले. एवढं मात्र ठेकेदाराकडून कबूल करून घेतलं, की मधल्या बल्ल्या मी सांगितल्याशिवाय काढायच्या नाहीत. त्यानं ऐकलं, कारण त्याची अमरावतीतली काही कामं माझ्या ऑफिसातून जात होती. म्हणजे ऐकलं ते पैशाच्या कामामुळं. घरी आल्यावर आईच्या बोटांना खोबरेल लावून दिलं, सिमेंटनं कातडी सोलली होती.

ऑफिसात येऊन मी सगळा हिशोब पुन्हा मांडला. नुसती गच्ची म्हणून ते उभं राहिलं असतं. पण वर भिंती, कपाटं, वाचायला बसलेली पोरं धरली की अंक नको तिकडं जात होते. महानगरपालिकेत तक्रार करावी, असंही मनात आलं. पण जुन्या विहाराच्या जागेचे कागद कधीच पुरे नव्हते. एकदा साहेब लोक आत शिरले की खांबाचा प्रश्न बाजूला राहिला असता आणि पाडापाडीची नोटीस आली असती. जिथं मी शिकले तिथं बुलडोझर आणणारी मीच, हे मला जमणार नव्हतं.

म्हणून मी सरांच्या घरी गेले आणि फी मागितली.

हे मी का केलं ते कोणालाच समजावता आलं नाही. मला पैसे नको होते. मला परत फोन करायला ज्यांना लाज वाटणार नाही असे लोक हवे होते. मी म्हटलं, "सर, मी उपाय काढून देते. उभं राहून काम करून घेते. पण या वेळी रीतसर फी घेऊन. तुमच्याच्यानं होईल तेवढी ठेवा. म्हणजे ते माझं काम राहील, आणि त्यात माझं चालेल."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "समाजाकडून घेशीन?"

"हो."

"तुह्या ड्राफ्टरचे पैसे कोणी देले होते, बेटा?"

"तुम्ही सगळ्यांनी. म्हणून तर आले ना सर. दुसरं कोणी असतं तर मी त्या दिवशीच तोंड फिरवून गेले असते."

त्यांनी कप बशीसकट दूर सरकवला. मग म्हणाले, "नाई होत. मिटिंगमंदी हे बोलाले माही जीभ नाई उचलणार." त्यांचे डोळे भरले होते, आणि मला स्वतःची चीड आली. पण शब्द मागं घेतला नाही.

गोष्ट सरांच्या घरातूनच फुटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी वस्तीच्या मोबाइल ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की काही लोक शिकून मोठे झाले की समाजालाच बिल पाठवतात. खाली हात जोडलेली चित्रं. नाव नव्हतं, गरजही नव्हती. आई फोन उचलायची, पण ऊन किती, पाणी कोणत्या दिवशी येतं, एवढंच बोलायची. तिला वस्तीत राहायचं होतं. मी बडनेऱ्याची गाडी पकडून निघून जाऊ शकत होते.

जयंती जवळ आली तेव्हा ठेकेदाराचा फोन आला, की कमिटी बल्ल्या काढायच्या मागं लागली आहे. मी नाही म्हटलं. त्यानं हात लावला नाही, तर त्यांनी दुसऱ्या मजुरांकडून काढून घेतल्या. हे मला आईनंच सांगितलं, आणि वर म्हणाली, "आता मोकळं मोकळं वाटते. मूर्ती कुठूनबी दिसते."

"आई, वंदनेला भिंतीकडं बसत जा. मध्ये बसू नको."

"मी मधातच बसतो."

"काय?"

"तू म्हणे ना, खांब तिथं पायजे होता. तिथंच बसतो मी. रोज."

"अगं, वर भिंती बांधायला घेतल्यात त्यांनी! तुला समजतं का मी काय सांगते?"

"मायीत हाय मले." मग जराशानं, अगदी शांतपणे, "पैशासाठी तू काम अडवून थांबशीन. माह्यासाठी नाई थांबणार तू."

आणि तिनं फोन ठेवून दिला.

मला आईचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. ऑफिसात एकटीच होते, टेबलावरच्या फायली मी जमिनीवर आपटल्या. जन्मात पहिल्यांदा मी वस्तीसमोर एका गोष्टीवर ठाम उभी राहिले होते, तर ही बाई जाऊन नेमकी तिच्याखाली बसली. नंतर रडले. दुपारी एका क्लायंटसमोर बसले होते आणि तो बोलत असताना मला फक्त ती गुळगुळीत केलेली जागा दिसत होती आणि तिच्यावर मांडी घालून बसलेली आई.

तिच्या मनात नेमकं काय होतं, कोण जाणे. मला वाकवायचं होतं, की मला खरं मानून ती सगळ्यांना दाखवत होती? मी कधी विचारलं नाही. पण वस्तीत परिणाम झाला. इंजिनेरची माय रोज खांबाच्या जागेवर बसते, ही गोष्ट घरोघरी गेली. आधी बाया हसल्या. मग एकेक करत तिच्यापासून सरकायला लागल्या. जयंती होऊन गेली आणि काही दिवसांतच सभागृहाच्या मध्ये आई एकटी आणि बाकी सगळ्या जणी भिंतीला पाठ लावून, अशी वंदना व्हायला लागली. शेजारची मावशी तर दाराच्या उंबऱ्यातच बसायची.

सरांचा फोन आला. किती तरी महिन्यांनी स्वतःहून.

"बेटा, तुह्या मायले समजाव. बाया भिंतीले चिकटून बसून राहिल्या."

"मी काय समजावू, सर? लोखंडी गर्डर टाकू का?"

"टाक," ते म्हणाले. आणि लगेच, चाचरत, "आन् ते फीचं..."

"राहू द्या," मी म्हटलं.

कारण फीची घासाघीस म्हणजे आणखी एक मिटिंग, आणि मिटिंग होईपर्यंत आई त्याच जागेवर. त्या दोन शब्दांचा मला अजूनही राग येतो. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच बोलेन.

वरचं काम त्यांनी थांबवलं. मी मूर्तीच्या दोन अंगांना दोन लोखंडी खांब काढले, त्यांच्या खाली नवा पायवा आणि वर आडवा गर्डर, म्हणजे मूर्तीसमोर काही येणार नाही. पायवा भरणाऱ्यांना मजुरी मिळाली. वेल्डरला मिळाली, गर्डर आणणाऱ्या ट्रकवाल्याला भाडं मिळालं, रंग देणाऱ्याला मिळालं. मी सुटी काढून तिथं उभी होते. एका संध्याकाळी वंदनेची वेळ झाली तरी माझं मोजमाप चालूच होतं. आई आपल्या जागेवर येऊन बसली. मी टेप ओढत आले तेव्हा ती थोडी सरकली, टेप जाऊ दिला आणि पुन्हा होती तिथं बसली.

गर्डर चढला, पक्का झाला. मी स्वतः पाहिलं आणि सरांना सांगितलं, की आता वर अभ्यासिका बांधा. आता चूक नाही. त्या दिवशी सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई मागून म्हणाली, "झालं ना? आता मी खिडकीपाशी बसतो, हवा येते तिथं."

पुढच्या वर्षीच्या जयंतीला सभागृह खच्चून भरलं होतं. बाया मध्ये बसल्या होत्या, मांडीवर लेकरं घेऊन. मला पुढं बोलावून शाल दिली. सरांनी माइक हातात घेतला. त्यांनी मागचं काही काढलं नाही, बिलाचं नाही, भांडणाचं नाही. मला वाटतं त्यांना ते मनापासून पुसायचं होतं.

"आपल्या या लेकीनं," ते म्हणाले, "एकदा नाई, दोनदा दान देलं. पहिले नकाशा देला, मंग त्याच्यात कमी राहिली तं सोता येऊन ते काम पुरं करून देलं. शिकलेल्या पोरायनं समाजाचं देणं असं फेडावं."

कमी माझ्या नकाशात राहिली नव्हती. मी शाल सावरत उभी राहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. टाळ्या इतक्या वाजत होत्या की ऐकलं नसतं कोणी. आईसुद्धा खिडकीपाशी टाळ्या वाजवत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, की आपली पोरगी पुन्हा वस्तीची झाली.

टाळ्या थांबल्यावर सर पुढच्या ओळीकडं वळले. तिथं वस्तीतलीच एक मुलगी बसली होती, नुकतीच वकिलीची सनद मिळालेली. "आता विहाराच्या जागेचे कागद रखडले हायत," सर म्हणाले. "ते काम आपली ही वकील बेटी करन. हे तिचं दान." पुन्हा टाळ्या. पोरगी उठून उभी राहिली, लाजली, हात जोडले. तिच्या तोंडावर तेच होतं जे ऑफिसात सर आले त्या सकाळी माझ्या तोंडावर असणार.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर गर्दीत मी तिला गाठलं. तिचा दंडच धरला. "फी सांग त्यांना," मी म्हटलं. "कमी सांग, हप्त्यानं घे, पण सांग. नाहीतर काही अडलं की ते तुला विचारायला लाजतील आणि आपल्याच मनानं सह्या करून टाकतील. मग जागा गेली तर तुझ्या नावानं जाईल."

ती उद्धट नव्हती, उलट तिला माझी फार कदर वाटत असावी. तिनं माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"ताई, आता मी कशी मांगू?" ती म्हणाली. "तुमी तं दोनदा देलं."

आतून सरांनी तिला हाक मारली, आणि ती कागद घ्यायला गेली.